जाड, गोल देवनागरी अक्षर: निवडीपासून पाटीवर चढेपर्यंत

अर्धा किलो हळद मावेल अशा पिशवीवर 'अस्सल हळद' एवढे दोनच शब्द मोठ्या अक्षरांत हवे होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाचे हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी 'मोदक' हा फॉन्ट निवडला, कारण पडद्यावर ती अक्षरे ओल्या हळदीच्या गड्ड्यांसारखी भरीव आणि गोलमटोल दिसत होती. छापून आलेल्या पहिल्या पिशवीवर मात्र 'ळ'चे दोन्ही डोळे बुजलेले होते, 'द'च्या पोटात शाई भरली होती आणि 'स्स'मधला अर्धा 'स' शेजारच्या पूर्ण 'स'ला चिकटून एकच काळा गोळा झाला होता. चार फुटांवरून तो शब्द 'हळद' आहे हे पिवळ्या रंगामुळे कळत होते, अक्षरांमुळे नव्हे. छपाई नेहमीसारखीच झाली होती. त्या आकाराला ते अक्षर निवडणेच चुकले होते. तेव्हापासून जाड अक्षर हाती आले की मी त्याचा काळा भाग नंतर पाहतो आणि आतली पांढरी जागा आधी पाहतो. पुढे जे लिहिले आहे त्यातला बहुतेक भाग त्या पांढऱ्या जागेचीच राखण आहे.

या वळणाचे अक्षर म्हणजे काय

देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूतून आले आहे. बोरूचे टोक तिरके कापलेले असल्यामुळे एकाच अक्षरात जाड आणि बारीक रेषा आपोआप येतात. जाड गोलाकार अक्षरात हा भेद जवळपास पुसला जातो. रेषेची जाडी सगळीकडे सारखी भासते, टोके गोल असतात आणि कोपरे मऊ असतात. रोमन लिपीत अशा अक्षरांची परंपरा जुनी आहे. ऑस्वाल्ड कूपर यांचे 'कूपर ब्लॅक' १९२२ मध्ये शिकागोत आले आणि शंभर वर्षे उलटली तरी मिठाईच्या डब्यापासून टी-शर्टपर्यंत ते भेटतच असते.

देवनागरीत हेच काम अधिक अवघड आहे आणि त्याचे कारण शिरोरेघेत आहे. रोमन अक्षरे सुटी उभी असतात, आपली अक्षरे एका आडव्या पट्टीला लटकलेली असतात. सगळ्या रेषा सारख्याच जाड केल्या तर शिरोरेघ, उभे दंड आणि वरच्या मात्रा मिळून शब्दाच्या वरच्या अर्ध्यात काळोख दाटतो आणि खालचा अर्धा रिकामा दिसतो. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये शिरोरेघ दंडापेक्षा किंचित बारीक ठेवलेली असते आणि जिथे दोन रेषा मिळतात तिथे रेषा थोडी आकसलेली असते. फॉन्ट पारखताना पहिली नजर याच दोन ठिकाणी टाकावी.

मराठीसाठी सहज मिळणारे या जातीचे दोन फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले आहेत. 'मोदक' हा एकाच वजनाचा, म्हणजे रेषेच्या एकाच जाडीचा, आणि अतिशय गुबगुबीत आहे. त्यात अक्षरांच्या आतल्या पोकळ्या मुद्दाम बारीक फटींएवढ्या ठेवलेल्या आहेत आणि तेच त्याचे सौंदर्य आहे. 'बलू' तुलनेने मोकळा आहे, आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 'बलू २' मध्ये, रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजने मिळतात. सांगलीत काम करणाऱ्याला 'बलू'चा आणखी एक फायदा आहे. या कुटुंबात अनेक भारतीय लिप्यांची भावंडे आहेत आणि त्यातले 'बलू तम्मा' हे कन्नडसाठी आहे. जत तालुक्यातल्या किंवा विजयपूरकडच्या गिऱ्हाइकांसाठी मराठी आणि कन्नड अशी जोडपाटी करायची असेल, तर दोन्ही लिप्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. एरवी मराठी एका वळणाचे आणि कन्नड भलत्याच वळणाचे अशी पाटी पाहिली की दोन दुकानांच्या पाट्या जोडल्यासारखे वाटते.

कुठे शोभते आणि कुठे नाही

भडंगाचे पाकीट, बेदाण्याचा डबा, रसवंतीगृह, आइस्क्रीमचे दुकान, बालवाडी, खेळण्यांचे दुकान, गणेशोत्सवाचा देखावा, लहान मुलांच्या नाटकाची जाहिरात अशा ठिकाणी हे अक्षर घरच्यासारखे वावरते. त्यात जवळीक आहे, खाऊपणा आहे आणि ते दुरून दिसते. दवाखाना, पतसंस्था, वकिलाचे कार्यालय, शासकीय सूचना इथे ते टाळावे, कारण वाचणाऱ्याला तिथे गांभीर्याची अपेक्षा असते. श्रद्धांजलीच्या फलकावर गुबगुबीत अक्षर वापरलेले मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे आणि दरवेळी त्या घरच्या माणसांसाठी जीव तुटला आहे. फलक घाईत होतो हे खरे, पण अक्षर बदलायला दोन मिनिटे पुरतात.

दुसरी मर्यादा लांबीची आहे. हे अक्षर एक ते पाच शब्दांसाठी आहे. सहाव्या शब्दापासून डोळा थकतो आणि पूर्ण परिच्छेद तर वाचवतच नाही. नाव या अक्षरात घ्यावे आणि पत्ता, घटक पदार्थ, फोन, वेळ हा सगळा मजकूर साध्या फॉन्टमध्ये घ्यावा. 'एक टाइप'चाच 'मुक्ता' मी यासाठी वापरतो. त्यात सात वजने आहेत आणि 'बलू'च्या शेजारी तो शांत बसतो.

फॉन्ट मिळवणे आणि यंत्रात बसवणे

वर सांगितलेले तिन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून विनामूल्य उतरवता येतात आणि ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. या परवान्यानुसार ते व्यवसायासाठी वापरता येतात, पाटीवर, पिशवीवर, संकेतस्थळावर छापता येतात आणि त्यात बदलही करता येतात. फक्त नुसती फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही. उतरवलेल्या गठ्ठ्यात परवान्याची मजकूर-फाइल असते ती फेकून देऊ नये. 'बलू २'च्या गठ्ठ्यात व्हेरिएबल फाइल (सगळी वजने एकत्र असलेली) आणि प्रत्येक वजनाच्या सुट्या फाइली अशा दोन्ही असतील, तर कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत काम करणाऱ्यांनी सुट्या फाइलीच बसवाव्यात.

आपल्याकडच्या डीटीपी केंद्रांत एक अडचण हमखास येते. वर्षानुवर्षे मॅटर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून ते मॅटर निवडून त्याला 'बलू' लावले की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्ट खराब आहे असे समजून लोक तिथेच थांबतात. 'बलू' आणि 'मोदक' युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीवर, चालतात, त्यामुळे मॅटर युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागते किंवा पुन्हा टाइप करावे लागते. दोन-चार शब्दांसाठी पुन्हा टाइप करणे अधिक सुरक्षित आहे, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडण्याची शक्यता राहते.

युनिकोड टाइप केल्यावरही अर्धी अक्षरे हलन्त चिन्हासह सुटी दिसत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर दोष मांडणीच्या इंजिनात आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या पसंतीत भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करावे लागतात. कोरलच्या जुन्या आवृत्त्या देवनागरी युनिकोड नीट जोडतच नाहीत. अशा वेळी इंकस्केप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाइप करावा, तिथेच त्याचे पाथ, म्हणजे रेषाकृती, करावेत आणि मग ती आकृती कोरलमध्ये आणावी.

मराठीची परीक्षा

फॉन्टच्या नमुन्यात नेहमी सोपे शब्द दाखवलेले असतात. 'नमन', 'गगन' हे शब्द कोणत्याही फॉन्टमध्ये छान दिसतात, कारण त्या अक्षरांना मोकळा श्वास आहे. खरी परीक्षा 'ह', 'ळ', 'झ', 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ष्ण' यांची असते. मी एक ठरावीक ओळ ठेवली आहे आणि नवा फॉन्ट आला की आधी तीच टाइप करतो: 'कृष्णाकाठच्या वाऱ्यावर द्राक्षे, बेदाणे, हळद, ॲग्रो ट्रॅक्टर सर्व्हिसिंग, शुद्ध कुऱ्हाड'. ओळीला अर्थ नाही, पण तिच्यात आपल्या भागातल्या पाट्यांवर येणारी बहुतेक अवघड वळणे आहेत.

या ओळीत पाहायचे ते असे. 'वाऱ्यावर'मधला आडव्या चंद्रकोरीसारखा 'र' आला पाहिजे. तो 'र्य' होऊन डोक्यावर रफार चढला, तर टाइप करताना साधा 'र' वापरला गेला आहे, नुक्त्याचा 'ऱ' वापरलेला नाही. 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन येऊ नये. 'ट्र'मधला 'र' टच्या पोटाखाली ओळखू यावा. 'द्ध' जोडलेला हवा आणि त्याची पोकळी उघडी हवी. 'ष्ण'मध्ये अर्ध्या 'ष'चे पोट बंद झाले की 'प' वाचला जातो, आणि कृष्णेच्या काठी राहून 'कृष्णा' चुकीचे छापणे कोणालाच मानवणार नाही.

'ल' आणि 'श' यांचेही पाहावे. मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि हिंदीत रूढ असलेला 'ल' यांच्यात फरक आहे. पुष्कळ युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी रूप आपोआप येते. 'अस्सल'मधला 'ल' मला मराठीच हवा होता. व्यापाऱ्याच्या आईंनी दोन्ही नमुन्यांतून क्षणात मराठी 'ल'वर बोट ठेवले, आणि का ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

ओळ मांडताना

इंग्रजी मथळ्यात अक्षरे जरा सुटी केली की रुबाबदार दिसतात, म्हणून सवयीने तोच आकडा मराठीलाही दिला जातो. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळे लोंबकळू लागते. जाड अक्षरात ही तूट दुरूनही दिसते. म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले वाढीव अंतर, शून्य ठेवावे. जागा कमी आहे म्हणून ते उणे करणेही धोक्याचे आहे, कारण शिरोरेघा एकमेकींवर चढल्या तरी दिसत नाहीत, पण खाली काना आणि पुढच्या अक्षराचे पोट एकमेकांत घुसते. जागा कमी असेल तर अक्षर लहान करावे किंवा एक वजन खाली उतरावे. शब्द आडवा दाबून बसवणे हा तर सरळ अन्याय आहे. त्यात दंड बारीक होतात, शिरोरेघ तशीच जाड राहते आणि गोल टोके अंड्यासारखी होतात.

शब्दांमधले अंतर मात्र मोकळे ठेवावे. जाड अक्षरात नेहमीची मोकळी जागा कमी भासते आणि दोन शब्दांच्या शिरोरेघा एकच वाटू लागतात.

दोन ओळी एकाखाली एक असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा यांची टक्कर होते. फॉन्टमध्ये दिलेले ओळींचे अंतर मथळ्याला बहुधा जास्त वाटते, म्हणून ते कमी करावेच लागते, पण ते आकड्याने न करता त्या विशिष्ट शब्दांकडे बघून करावे. 'अस्सल' या शब्दाला खाली उकार नाही आणि 'हळद'ला वर मात्रा नाही, त्यामुळे त्या पिशवीवर दोन ओळी मी इतक्या जवळ आणू शकलो की त्यांचा एक ठसा तयार झाला. तेच 'सुगंधी मूग' असते तर वरच्या ओळीतल्या उकाराची वेगळी सोय लावावी लागली असती.

आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी शीर्षकाचे अक्षर त्या त्या शब्दासाठी स्वतंत्र रेखाटण्याची मोठी परंपरा उभी केली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या सांगलीत काम करताना मला त्या परंपरेची आठवण ठेवावीशी वाटते. फॉन्टने दिलेला शब्द हा कच्चा माल आहे. वेलांटीचे टोक जरा लांबवणे, अनुस्वार थोडा वर उचलणे, दोन अक्षरांमधली फट मोकळी करणे ही हातची कामे त्यानंतर करायची असतात.

कर्व्ह, वेल्ड आणि आउटलाइन

या भागात सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून तो सावकाश वाचावा.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःच्या शिरोरेघेचा तुकडा असतो आणि शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढून अखंड रेघ तयार झाल्याचा भास होतो. एकाच रंगात भरलेले अक्षर असेल तोवर हा भास टिकतो. त्याला आउटलाइन दिली की प्रत्येक सांध्यावर आतली रेघ उघडी पडते आणि शिरोरेघेवर विटांसारखे जोड दिसतात. काना आणि मात्रा जिथे अक्षराला मिळतात तिथेही हेच होते. फ्लेक्सवर हे कुरूप दिसते. रेडियम कटिंगवर, म्हणजे चिकटणाऱ्या रंगीत फिल्ममधून अक्षरे कापताना, तर ते घातक ठरते, कारण प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या यंत्राला, रेघ दिसली की तो कापतो. एका मोटारीच्या काचेसाठी मी दिलेले नाव प्लॉटरवरून उतरले तेव्हा शिरोरेघेचे सात तुकडे हातात आले होते आणि ते काचेवर एका ओळीत बसवताना कारागिराचा तास गेला. फाइल कर्व्ह केलेली होती, म्हणजे मजकुराच्या रेषाकृती झाल्या होत्या, पण वेल्ड केलेली, म्हणजे तुकडे एकजीव केलेली, नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी जिवंत मजकुराची प्रत बाजूला जपून ठेवावी, कारण एकदा कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही. मग शब्द कर्व्ह करावा. मग सगळे आकार निवडून एकजीव करावेत. कोरलमध्ये 'वेल्ड', इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचे 'युनाइट' आणि इंकस्केपमध्ये 'युनियन' ही आज्ञा आहे. कोरलमधल्या 'कंबाइन'ला वेल्ड समजू नये. कंबाइन केल्यावर जिथे दोन आकार एकमेकांवर चढलेले असतात तिथे भोक पडते आणि शिरोरेघेवर पांढरे ठिपके येतात. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेम दृश्यात, म्हणजे फक्त सीमारेषा दाखवणाऱ्या दृश्यात, जाऊन पाहावे. शब्दाची बाहेरची एकच सलग सीमा, पोकळ्यांच्या आतल्या सीमा आणि अनुस्वारासारखे सुटे ठिपके एवढेच दिसले पाहिजे. त्याशिवाय काही दिसत असेल तर ते कापले जाईल असे समजावे.

आता आउटलाइन. जाड गोल अक्षराला दुरंगी कड दिली की ते उठून दिसते, म्हणून गिऱ्हाइकाची ती मागणी असतेच. आउटलाइन सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी पसरते, त्यामुळे ती अक्षर बारीक करते; ती आत भरलेल्या रंगाच्या मागे टाकण्याचा पर्याय निवडला की अक्षराची जाडी टिकते. कोपरे गोल ठेवावेत, नाहीतर मऊ अक्षराला काटे फुटतात. पण या दोन्हींनंतरही पोकळीचा प्रश्न राहतो. बाहेर तीन मिलिमीटर कड दिली तर ती पोकळीच्या आतही चहूबाजूंनी तीन मिलिमीटर येते, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद असलेली प्रत्येक पोकळी पूर्ण बुजते आणि त्याहून थोडी मोठी असलेली पोकळी टाचणीच्या टोकाएवढी उरते. ही अर्धवट उरलेली टोके सगळ्यांत वाईट दिसतात. अशा वेळी मी मागच्या कडेच्या आकारातून सगळ्या आतल्या सीमा काढून टाकतो, म्हणजे मागे एक सलग सावली राहते आणि पोकळ्यांत कडेचाच रंग दिसतो. 'ळ'चे दोन्ही डोळे मग एकाच रंगाने भरलेले, पण नीट वाचता येणारे राहतात.

पाटीचे माप आणि कारागीर

पाटीच्या मापासाठी मी दर दहा फुटांच्या अंतराला किमान एक इंच उंची हा हिशेब धरतो आणि वाहनावरून जाणाऱ्यांसाठी तो दुप्पट करतो. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची असते. वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात धरायचे नसतात. चाळीस फुटांवरून वाचायचे असेल तर चालणाऱ्याला चार इंची आणि दुचाकीस्वाराला आठ इंची अक्षर हवे. मात्रा आणि उकार धरून शब्दाची पूर्ण उंची बरीच वाढते, म्हणून पाटीची उंची ठरवण्यापूर्वी प्रत्यक्ष शब्द टाइप करून मोजावी. 'भडंग'ला लागणारी जागा आणि 'कृष्णमूर्ती'ला लागणारी जागा एक नाही.

पाटी दुकानाची असेल तर कायदाही ध्यानात ठेवावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलकावर मराठी देवनागरीत असणे बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. संगणकात दोन्हींना एकच पॉइंट आकार दिला की काम झाले असे वाटते, पण त्या आकड्यात रोमन कॅपिटल अक्षर देवनागरी अक्षराच्या धडापेक्षा मोठे दिसू शकते. म्हणून छापील प्रतीवर पट्टी ठेवून मोजावे आणि रोमन अक्षर हवे तेवढे कमी करावे.

उठावदार अक्षरे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापण्याच्या यंत्रावर, कापून घेणार असाल, तर हे वळण कारागिराच्या सोयीचे आहे. राउटरचे पाते गोल फिरते, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या पात्याने आतल्या कोपऱ्यात तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहतेच. टोकदार अक्षराचे तिथे नुकसान होते, गोल अक्षराचे होत नाही. तरीही मात्रा शिरोरेघेला मिळते तिथला आतला कोपरा या फॉन्टमध्येही तीक्ष्ण असू शकतो, म्हणून तिथे पात्याच्या त्रिज्येएवढी गोलाई आपणच देऊन ठेवावी. आत एलईडी बसवायचे असतील तर रेषेची जाडी मॉड्यूल मावेल एवढी आहे का हे कारागिराला आधी विचारावे. जाड अक्षराचा इथे खरा उपयोग होतो. बारीक अक्षरात दिवे मावत नाहीत आणि रात्री नाव तुटक दिसते. काचेवरच्या रेडियमलाही गोल टोके मानवतात, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो आणि मग धूळ धरून सगळे अक्षर उचलले जाते.

पिशवी आणि पोते

छोट्या छपाईत नियम उलटे होतात. पिशवीच्या प्लॅस्टिकवर फ्लेक्सो पद्धतीने, म्हणजे लवचीक ठशाने, छापताना शाई कडेने पसरते, त्यामुळे काळा भाग वाढतो आणि पांढरा भाग घटतो. प्रत्यक्ष छपाईच्या आकारात सगळ्यांत अरुंद पोकळी एक मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर मी ते अक्षर त्या पिशवीवर ठेवत नाही. हळदीच्या पिशवीवर शेवटी 'मोदक'च्या जागी 'बलू २'चे बोल्ड आले, एक्स्ट्रा बोल्डही नाही, आणि त्यातही 'ळ'चे डोळे व 'द'चे पोट मी नोड, म्हणजे सीमारेषेवरचे बिंदू, ओढून थोडे मोठे केले. पडद्यावर ते डोळे जरा जास्तच वटारलेले दिसत होते, पण छापल्यावर शाईने आपला वाटा घेतला आणि ते बरोबर बसले.

रंगाचा मोह हळदीच्या बाबतीत फार होतो. पांढऱ्यावर पिवळे अक्षर उन्हात नाहीसे होते. पिवळ्यावर गर्द तपकिरी किंवा गडद हिरवे अक्षर घ्यावे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने अनेकांना ती ओळख पिशवीवर मोठी हवी असते, पण ती नावाच्या शेजारी त्याच जाड अक्षरात घेतली की दोन्ही एकमेकांना खातात. तिला साध्या अक्षराची वेगळी ओळ द्यावी. निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख हा कायद्याने लागणारा मजकूरही गोल अक्षरात घेऊ नये, कारण लहान आकारात '३' आणि '६' यांच्या पोकळ्या बुजल्या की वाचणारा फसतो.

पोत्यावर पत्र्याच्या छापाने नाव उठवायचे असेल तर आणखी एक काळजी लागते. पत्रा कापताना 'व', 'ब', 'ठ', 'ळ' यांच्या पोकळीतला तुकडा सुटून पडतो. त्याला धरून ठेवायला पट्ट्या ठेवाव्या लागतात. त्या उभ्या ठेवाव्यात, कारण आडवी पट्टी डोळ्याला दुसऱ्या शिरोरेघेसारखी वाटते आणि 'व'चा भलताच आकार होतो.

पडद्यावर

संकेतस्थळासाठी मोजके. पानाच्या सांकेतिक मजकुरात भाषा मराठी अशी नोंदवावी, म्हणजे 'ल' आणि 'श' मराठी रूपात येण्याची सोय होते. अक्षरांमधले अंतर शून्य ठेवावे. मथळ्यासाठी वापरायचे एक किंवा दोन वजनेच मागवावीत, पाचही नकोत. खेड्यातल्या मोबाइलवर पान उघडायला लागणारा वेळ त्याने वाचतो. मोबाइलच्या पडद्यावर 'मोदक' मोठ्या मथळ्याखेरीज कुठेही वापरू नये.

सोपवण्यापूर्वी

काम पाठवण्याआधी साध्या प्रिंटरवर प्रत्यक्ष आकारात एक प्रत काढावी. पिशवी असेल तर ती प्रत कापून भरलेल्या पिशवीवर चिकटवावी, कारण भरलेली पिशवी फुगते आणि कडेची अक्षरे वळतात. ती फळीवर ठेवून सहा फुटांवरून पाहावी, दिवा कमी करून पाहावी आणि घरातल्या साठीपुढच्या माणसाला वाचायला सांगावी. ते जिथे अडखळतील ते अक्षर पुन्हा उघडावे.

छापखान्याला वेल्ड केलेली फाइल द्यावी आणि सोबत दिसायला कशी हवी त्याची पीडीएफ द्यावी. आपल्याकडे जिवंत मजकुराची फाइल, वापरलेल्या फॉन्टची तीच आवृत्ती, परवान्याचा मजकूर आणि कोणत्या पोकळ्या किती उघडल्या याची नोंद एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. हळदीचे ते गिऱ्हाईक दोन वर्षांनी एक किलोच्या पिशवीसाठी पुन्हा आले तेव्हा मला सगळे नव्याने करावे लागले नाही. आकार मोठा झाल्यामुळे 'ळ'चे वटारलेले डोळे तेवढे मी मूळ जागी परत आणले.